इंजिन थंड असताना

जुनं डिझेल इंजिन विकत घ्यायचं असेल तर ते थंड असताना चालू करून बघावं. इंजिनाबद्दल एवढी एकच गोष्ट मला अगदी नक्की ठाऊक होती, आणि गेल्या हिवाळ्यात मला तेवढीच करता येईना. सांगलीहून सातारा, साताऱ्याहून कासच्या पठारावरून खाली बामणोली, तिथून बोटीने पलीकडे, अशा फेऱ्या मी मारत राहिलो आणि दरवेळी ते इंजिन मला गरमच भेटलं. याचा दोष कुणाला द्यावा हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. आता कळतं, पण त्याने जीव हलका झाला आहे असं नाही.

आमचं गाव कृष्णेच्या पलीकडच्या काठाला आहे. नदीवर बंधारा आहे आणि त्याच्यावरूनच मोटारसायकली, छोट्या गाड्या सांगलीच्या बाजूला येतात. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली जातो. मग लांबच्या पुलावरून वळसा. पाणी आणखी चढलं की त्या पुलाकडे जाणारा रस्ताही बंद होतो आणि गाव गावातच राहतं. आम्ही लहानपणापासून हे बघत आलोय, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. चार दिवस घरात बसायचं, पाणी उतरलं की चिखल काढायचा.

पण वहिनींना चार दिवस घरात बसून चालत नाही. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा त्यांना सांगलीला डायलिसिससाठी यावं लागतं. गेल्या पावसाळ्यात डायलिसिसची एक खेप चुकली. दुसऱ्या दिवशी बचावपथकाच्या रबरी बोटीतून त्यांना अलीकडे आणलं तेव्हा त्यांचा चेहरा सुजला होता, श्वास पुरत नव्हता, आणि तशा अवस्थेत त्यांनी बोटीतून उतरताना पदर नीट केला. मी अलीकडच्या काठावर छत्री धरून उभा होतो. मला पुढे होऊन हात द्यायचंही सुचलं नाही. दादाने त्यांना उचलून रिक्षात बसवलं.

दादा माझा थोरला भाऊ. उभी हयात फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. त्याला प्रश्न दिसला की तो त्याच्यावर एक वस्तू आणतो. विहिरीचं पाणी कमी आलं, मोठी मोटर. रानडुकरं उसात शिरली, झटक्याचं कुंपण. तसं आता नदी आडवी येते, तर बोट. ती पण कशी, इंजिन मागे टांगलेलं नको. पुरात ओंडके येतात, ओंडका लागला की मागचं इंजिन गेलं. इंजिन बोटीच्या पोटात पाहिजे, मधोमध, फळ्यांच्या पेटीखाली, आणि तिथून दांडा मागे जाऊन पाण्यातला पंखा फिरला पाहिजे. अशी बोट कोयनेच्या पाण्यावर बामणोलीच्या पलीकडे एक जण विकतोय हे त्याने फौजेतल्या कुठल्याशा मित्राकडून काढलं. मग मला फोन.

"बारक्या, तुझं काम हाय रं हे. तू बघून हो म्हण, मी ट्रक पाठवतो."

माझं काम असं की, मी मिरजेजवळच्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. जनरेटर, पंप, कॉम्प्रेसर बघतो. बोटीचं इंजिन मी कधी उघडलेलं नव्हतं. तसं सांगितलंही. दादा म्हणाला, डिझेल ते डिझेल. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की दादा त्याला होकार समजतो, आणि बहुतेक वेळा तो होकारच असतो.

गरम इंजिन सगळे दोष झाकतं, हे मी कामावर अनेकदा पाहिलं आहे. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या, डिझेल फवारणारं नोझल गळकं असलं, तरी धातू एकदा तापला की फटी भरतात आणि इंजिन शहाण्यासारखं चालतं. सकाळी, गार पडलेलं असताना, पहिल्या फटक्यात ते पेटतं का, पेटल्यावर धूर कोणत्या रंगाचा येतो, किती वेळ येतो, हेच खरं. आणि आम्हाला ते इंजिन लागणार होतं पावसात, भल्या सकाळी, चार-पाच दिवस उभं राहिलेलं असताना. वहिनींना त्यात बसवून दादा कृष्णेच्या पुरात शिरणार होता. मधे बंद पडलं आणि परत पेटलं नाही तर बोट कुठे जाईल हे नदी ठरवणार होती. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून तर तुला पाठवतोय."

पहिल्या फेरीला आम्ही दोघे गेलो. विकणारा माणूस पलीकडच्या वस्तीवर राहतो. तिथे जायला रस्ता असा नाही, पाण्यानेच जावं लागतं. त्यामुळे तो आम्हाला न्यायला आला होता, आणि साहजिकच त्याच बोटीने आला होता. धक्क्याला लागून बोट धडधडत उभी. म्हणाला, "बंद केली न्हाई. म्हटलं पाव्हण्यास्नी थांबाया नको."

माझं तोंड उतरलं. दादा मात्र खूश. बोटीत बसल्या बसल्या त्याने इंजिनाच्या पेटीवर थाप मारली आणि माझ्या कानाशी ओरडून सांगितलं की आवाज बघ, एकसारखा हाय. आवाज एकसारखा होता. गरम इंजिनाचा असतोच.

वस्तीवर पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि पेटीचं झाकण काढलं. आत इंजिनाला झेंडूची माळ घातलेली होती. हळदीकुंकू वाहिलेलं. आणि सगळं इंजिन हिरवंगार रंगवलेलं. नवा रंग बघितला की मला संशय येतो, कारण तेल कुठून पाझरतंय, पाणी कुठून झिरपतंय, याच्या खुणा त्या रंगाखाली जातात. मी विचारलं, रंग कधी दिला? म्हणाला, परवाच. पाव्हणं येणार म्हटल्यावर तसंच कसं दाखवायचं?

मी चप्पल काढली, माळ हळूच बाजूला सारली आणि तेल मोजायची पट्टी ओढून काढली. तेल मधासारखं स्वच्छ. डिझेल इंजिनाचं तेल इतकं स्वच्छ असतं ते फक्त बदलल्याच्या दिवशी. जुनं तेल असतं तर ते माझ्याशी दोन शब्द बोललं असतं. दुधाळ असतं तर आत पाणी शिरतंय, बोटांवर चकाकी आली असती तर धातू झिजतोय. हे तेल काहीच बोलेना. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "कालच बदललं. जुन्या तेलावर पाव्हण्यास्नी कसं आणायचं?"

आता यावर काय म्हणणार? तो माणूस चांगला होता. त्याने घर सारवावं तसं इंजिन सारवलं होतं. मला त्याच्यावर चिडता येईना, म्हणून मी मनातल्या मनात दादावर चिडलो. दादा तोवर ओसरीवर बसून फौजेच्या गोष्टी सांगत होता.

जेवण झालं. निघताना त्याने आतून ताट आणवलं. टॉवेल, टोपी, नारळ. आमच्या भागात पाहुण्याचा असा मान करतात. पण बैल, जमीन, गाडी असं काही बघायला गेल्यावर जो नारळ देतात तो घ्यायचा म्हणजे पसंत पडलं, आता दुसऱ्याला दाखवू नका. पसंत नसेल तर हात जोडून म्हणायचं, पुढच्या खेपेला घेतो. यात कुणाला राग येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी त्या माणसाने वाकून माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, नारळ पुढे केला, त्याची म्हातारी आई दारातून बघत होती, आणि मी हात पुढे केले.

परतीच्या वाटेवर दादा म्हणाला, झालं मग. मी म्हटलं, अजून मी इंजिन थंड बघितलेलं नाही.

"मग नारळ कशाला घेतलास रं?"

कासच्या घाटात मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. नारळ आणि टॉवेल-टोपी दादाने गावाकडे नेऊन देवघरात ठेवलं. दोन दिवसांनी बोटवाल्याचा फोन आला. तापोळ्याच्या बाजूचा एक जण बोट मागत आला होता, त्याला परत पाठवलं, एवढं सांगायला. म्हणाला, तुमी निवांत न्या, घाई न्हाई. त्या दिवसापासून तो तापोळ्याचा अनोळखी माणूस माझ्या डोक्यात येऊन बसला. कामावर जनरेटर चालू केला तरी मला तो आठवायचा.

दुसऱ्या फेरीला मी डोकं चालवलं. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, कुणालाही न सांगता, एकटा. बामणोलीला उतरून दुसऱ्याची बोट करायची, थेट वस्तीवर जायचं, आणि त्याचं इंजिन उभं असताना गाठायचं. बामणोलीच्या धक्क्यावर मी एका बोटवाल्याला वस्तीचं नाव सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, म्हणाला, "म्हंजे बोट घेणारं पाव्हणं तुमीच न्हवं?" आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्याने फोन लावला. एकाच्या पाव्हण्याला दुसऱ्याने भाड्याने नेणं तिथल्या रीतीत बसत नाही. अर्ध्या तासात माझा बोटवाला धडधडत आला. मी फोन केला नाही याचं त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायला तो जास्तच हसत होता.

इंजिनाच्या ब्लॉकला हात लावला. चटका बसला.

आलोच होतो म्हणून जे बघता येण्यासारखं होतं ते बघितलं. रुंद पाण्यात नेऊन पूर्ण जोरात पळवायला लावलं. भार पडल्यावर थोडा काळा धूर आला आणि गेला, त्यात वावगं काही नाही. थंडाव्यासाठी आत घेतलेलं पाणी मागच्या नळीतून भरघोस पडत होतं, म्हणजे पाण्याचा पंप ठीक. दांडा बोटीतून बाहेर जातो तिथे ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येत होतं, शेतातल्या पंपाला येतं तसं, तेवढं यायलाच हवं. पुढचा गिअर, मागचा गिअर, दोन्ही झटका न देता पडत होते. बंद करून परत चालू केलं की मात्र एक निळसर झुळूक यायची. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. किती जळतंय ते थंड असताना कळलं असतं.

म्हणून मी ठरवलं की इंजिन थंड होईपर्यंत बसायचं. पण का बसलोय हे सांगायचं कसं? तुमचं इंजिन मला थंड बघायचंय असं म्हणणं म्हणजे तुम्ही ते मुद्दाम गरम करून आणता असं म्हणणं. ते मला जमेना. मी ओसरीवर बसलो. चहा झाला. पोहे झाले. परत चहा झाला. मी पाण्याकडे बघत होतो आणि मधून मधून, सहज गेल्यासारखा, बोटीपाशी जाऊन ब्लॉकला हात लावून येत होतो. लोखंडाचा तो गोळा लाकडाच्या पेटीत निवायचं नाव घेईना. शेवटी बोटवाला माझ्या शेजारी बसला, आवाज खाली केला, म्हणाला, "पाव्हणं, घरी काय कुरबूर हाय का? ऱ्हावा की दोन दिस. आपलंच घर हाय."

मी शेवटच्या एसटीला निघालो. बोटीत चढल्यावर, त्याने चालू करायच्या आधी, हात लावला. कोमट.

सांगलीत आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलायच्या ऐवजी एवढे चहा प्यायलात. तिचं खरं होतं आणि म्हणून मला तिचाही राग आला.

दादा आता थांबायला तयार नव्हता. फेब्रुवारी लागला, बोट आणायची, रंगवायची, परवान्याचं बघायचं, पोरांना चालवायला शिकवायचं, मग पावसाळा दारात. फोनवर त्याचा आवाज परेडच्या मैदानावरचा व्हायला लागला. हो का नाही, एका शब्दात रिपोर्ट दे. मी म्हटलं, नव्वद टक्के हो. तो म्हणाला, नव्वद टक्के बोट नदीत घालू का?

तेवढ्यात फोनवर वहिनींचा आवाज आला. त्या जवळच कुठेतरी बसलेल्या असणार. म्हणाल्या, "भावजी, बसायचं मला हाय. मी येते बघायला."

दादाने नको म्हटलं, प्रवास झेपायचा नाही म्हटलं, पण वहिनींनी दोन डायलिसिसच्या मधला दिवस धरून सगळं ठरवून टाकलं होतं. एक मुक्काम करायचा, सकाळी परत. मला मनातून बरं वाटलं. मुक्काम म्हटल्यावर सकाळचं थंड इंजिन आपोआप मिळणार होतं आणि मला तोंड उघडावं लागणार नव्हतं. हे मी लिहितोय तेव्हा मला त्या बरं वाटण्याची लाज वाटते. आजारी बाईने घाट उतरून पाणी ओलांडून यायचं, कारण तिच्या दिराला एक वाक्य बोलता येत नाही.

दादा, वहिनी आणि मी वस्तीवर पोचलो आणि त्या घरातल्या बायकांची फार पंचाईत झाली. पाहुणी चहा घेत नाही, ताक घेत नाही, पाणी मागितलं तर अर्धी वाटी. वहिनींना दिवसाकाठी ठरावीकच पाणी प्यायला मुभा आहे, त्या दोन-दोन घोट करून ते दिवसभर पुरवतात. त्यांनी त्या बायकांना हसत समजावून सांगितलं की माझं सगळं मशीनवर चालतं बाई, जास्तीचं काय घातलं की फुगते. बायका हसावं की नको अशा बसून राहिल्या.

सकाळी थंडी चांगलीच होती, पाण्यावर धुकं बसलेलं. मी उठून अंगणात आलो तेव्हा वहिनी शाल घेऊन चुलाणाशी बसल्या होत्या. मोठ्या पातेल्यात आंघोळीचं पाणी तापत होतं. बोटवाल्याची आई मला म्हणाली, दमा जरा, तुमचं पाणी दुसऱ्या पातेल्यात तापतंय. पहिलं पातेलं बोटवाल्याने फडक्याने धरून उचललं आणि तो ते घेऊन न्हाणीकडे न जाता खाली पाण्याच्या दिशेने निघाला.

मी ते बघितलं आणि मला त्यात काही दिसलं नाही. वहिनींना दिसलं. घोटभर पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईचं लक्ष एवढ्या पाण्यावरून कसं हटणार?

"भाऊ, त्ये पाणी कुठं न्येताय?" त्यांनी विचारलं.

"इंजिनाला," तो जागीच वळून म्हणाला.

"रोज?"

"रोज. सकाळचं त्येला ऊन पाणी घातल्याबिगर पेटत न्हाई ओ."

त्याने हे जसं सांगितलं तसं मी आमच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टचं दार जोरात ओढावं लागतं हे सांगतो. लपवाछपवीचा मागमूस नाही. वहिनी म्हणाल्या, मग आज घालू नका, मला तसंच बघायचंय. त्याने पातेलं तिथेच दगडावर ठेवलं.

आम्ही सगळे खाली गेलो. दादा अंगावर ब्लँकेट घेऊन, अर्धवट झोपेत. बोटवाल्याने चावी फिरवली. इंजिन फिरलं, खोकलं, मागून पांढऱ्या धुराचा एक लोट आला आणि विझलं. परत फिरवलं. परत पांढरा धूर, डिझेलचा कच्चा वास. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही, आत दाब राहिलेला नाही. मला पहिल्या मिनिटातच कळलं, पण तो फिरवत राहिला, आपलं पोर शाळेत पाहुण्यांसमोर पाढा विसरल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. हळूहळू बॅटरी मंद पडत गेली, फिरण्याचा आवाज जड झाला, आणि मग नुसतं टक. तेवढंच.

बोटवाला वर गेला, पातेलं घेऊन आला, पाणी निवायला लागलं होतं तरी ते हळूहळू इंजिनाभोवतीच्या थंडाव्याच्या पाण्याच्या पोकळीत ओतलं, घरातली दुसरी बॅटरी आणून जोडली. इंजिन पहिल्या फटक्यात पेटलं आणि गोड चालायला लागलं.

"बघा," तो म्हणाला. "सकाळची येवढीच खोड हाय. मग दिवसभर बघाया नको."

मी त्याला विचारलं, हे आधी का सांगितलं नाही? माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा वर गेला. तो खरंच गोंधळला. "आवं, तुमी कारखान्यातलं माणूस. दोन टायमाला हात लावून बघितलासा. मला वाटलं तुमास्नी कवाच कळलंय. त्या दिशी धा वेळा जाऊन हात लावत हुतासा न्हवं?"

दादा माझ्याकडे वळला. "आन तू नव्वद टक्के म्हणत हुतास."

मग दोघांनीही, म्हणजे मी आणि दादाने, ते केलं जे आम्ही नेहमी करतो. दादाने उपाय काढला. रिंगा बदलू, नोझल नवं घालू, सांगलीत सगळं होतं, आणि पावसाळ्यात एवढी थंडी कुठं असते? मी मान हलवायला लागलो. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. रिंगा बदलता येतात. सिलिंडरच्या आतला लायनर किती झिजलाय ते उघडल्यावर कळलं असतं. इंजिन काढून न्यायचं, मी स्वतः कारखान्यातल्या दोन पोरांना हाताशी घेऊन... मी बोलायला तोंड उघडलंच होतं.

"भावजी," वहिनी म्हणाल्या. त्या धक्क्याच्या दगडावर बसल्या होत्या. "बोट कशासाठी पाहिजे?"

मी म्हटलं, नदी ओलांडायला.

"तुमचं घर तर नदीच्या त्याच अंगाला हाय की."

एवढंच. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, चालू इंजिनाच्या मागून पाणी पडत होतं त्याच्याकडे बघत होत्या.

विश्रामबागेतला माझा फ्लॅट दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. पुराचं पाणी तिथे चढत नाही. दोन खोल्या आणि हॉल आहे, मुलगा बारावीला आहे, त्याला अभ्यासाला जागा लागते. पावसाळ्याचे दोन-तीन महिने वहिनी आमच्याकडे राहिल्या असत्या तर नदी ओलांडायचा प्रश्नच नव्हता. बायको मला दिवाळीतच हे म्हणाली होती. मी तिला म्हटलं होतं, दादाला चालायचं नाही, धाकट्याच्या दारात बायको ठेवायची त्याला लाज वाटेल. हे मी दादाला विचारून म्हटलं नव्हतं. मला वाटतं, तो नाही म्हणेल अशी मला खात्री असती तर मी लगेच विचारलं असतं. तो हो म्हणेल याची भीती होती. त्यापेक्षा कासच्या घाटाने इंजिनं तपासत फिरणं सोपं होतं. लोक म्हणायचे, भावासाठी किती धावपळ करतो.

मी म्हटलं, वहिनी, या की आमच्याकडे, पावसाळाभर राहा. वाक्य तोंडातून आलं तेव्हा उशीर झालेला होता, हे मला ते आल्या आल्याच कळलं.

दादाने ब्लँकेटची घडी घालायला घेतली, फौजी घडी, कोपऱ्याला कोपरा लावून.

वहिनींनी पिशवी उघडली. आत टॉवेल, टोपी आणि नारळ होता. गावच्या देवघरातून त्यांनी तो येतानाच घेतला होता, आम्हाला कुणाला न सांगता. म्हणजे घरातून निघताना त्यांचं काय ठरलं होतं आणि काय नाही, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही. त्यांनी बोटवाल्याला जवळ बोलावलं. म्हणाल्या, आमच्या भावजींनी हे घाईनं घेतलं, राग मानू नका. तापोळ्याच्या पाव्हण्याला फोन करा, पण त्याला सकाळच्या पाण्याचं आधी सांगा.

घेतलेला नारळ परत करणं वाईट दिसतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होतो. बोटवाल्याने नारळ हातात घेतला. मग म्हणाला, "नारळ परत घेत नसत्यात, वैनी. खात्यात." आणि खाली बसून त्याने तो दगडावर आपटून फोडला. पाणी नदीला दिलं. प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, दादाच्याही. टॉवेल-टोपी मात्र त्याने घेतली नाही, ती मानाची होती म्हणाला.

वहिनींना खोबरं चालत नाही. त्यांनी आपला तुकडा कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. मी दोन तुकडे खाल्ले. मग तो आम्हाला त्याच बोटीने बामणोलीला सोडायला आला. इंजिन एकदाही अडखळलं नाही, आणि त्याचा मला वाटेत सारखा संताप येत होता.

जूनमध्ये वहिनी आमच्याकडे आल्या. मुलगा हॉलमध्ये झोपतो, त्याची काही तक्रार नाही, तक्रार करायची वेळ आली तर मीच त्याच्या वतीने मनात करतो. बायको आणि वहिनी सकाळी दोघी मिळून पेपर वाचतात. बंधारा पाण्याखाली गेला आहे, दादा पलीकडे गुरांपाशी आहे. त्याचा फोन रोज येतो. बोटीचं त्याने सोडलेलं नाही. कुठे उजनीच्या पाण्यावर, कुठे अलमट्टीच्या बाजूला एखादी जुनी बोट विकायला आहे असं कळलं की तो इंजिनाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मागवतो आणि माझ्या मोबाइलवर पाठवतो. खाली लिहितो, रिपोर्ट दे. मी पहिले एक-दोन मन लावून ऐकले. कानाला लावून, डोळे मिटून. फोनच्या स्पीकरवरून इंजिन ओळखायचं म्हणजे काय, हे त्याला सांगायचं माझ्या तोंडाशी येतं आणि परत आत जातं.

काल असंच एक आलं. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. वहिनी ओट्याशी बसून आपल्या वाटीतलं पाणी पीत होत्या. दोन घोट घेऊन वाटी खाली ठेवली.

"लिहा त्यास्नी," त्या म्हणाल्या. "गरम हाय."